समृद्धीच्या कडेचा प्लॉट आणि म्हातारपणाची बेगमी

पत्राचा गोषवारा : पत्रलेखकांचे परभणी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्र आहे. त्यांचे वय ५१, पत्नीचे ४६. मुलीचे लग्न झाले आहे. मुलगा छत्रपती संभाजीनगरला अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात असून दुकानात बसण्याची त्याची इच्छा नाही. दुकानाची जागा स्वतःची आहे आणि पाच एकर कोरडवाहू शेत बटईने दिलेले आहे. शिल्लक ३८ लाख रुपये आहे. त्यांपैकी १४ लाख एका मल्टीस्टेट पतसंस्थेत साडेअकरा टक्क्यांनी, १५ लाख राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत आणि ९ लाख पोस्टात ठेवले आहेत. याशिवाय १८ तोळे सोने आहे आणि गावोगावी ११ लाखांची उधारी अडकली आहे. मुलाची फी सोडून घरखर्च महिना ४० हजार. जालन्याजवळ समृद्धी महामार्गाला लागून ३२ लाखांचा एक प्लॉट त्यांना दाखवण्यात आला असून दसऱ्याच्या आत इसार द्या, असा दलालाचा तगादा आहे. पुण्याचे मेहुणे सांगतात, सगळे शेअर बाजारात टाका. पत्रलेखक विचारतात : "एखाद्या भागाची, देशाची भरभराट नेमकी कशाने होते? ते एकदा कळले तर पैसा त्याच्याच मागे लावता येईल. वडील म्हणायचे, जमीन कधी बुडत नाही. बारा वर्षांनी दुकान बंद करायचा विचार आहे आणि आम्हाला पेन्शन नाही. काय करावे?"

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात दोन प्रश्न आहेत आणि तुम्ही ते 'तर' या शब्दाने जोडले आहेत : भरभराट कशाने होते हे कळले, तर पैसा कुठे लावायचा हे कळेल. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. माझी शंका आहे ती मधल्या 'तर'विषयी. दलालाने तुम्हाला दाखवलेला प्लॉट उभा आहे तोही याच शब्दावर, म्हणून आधी पहिल्या प्रश्नाला थोडी जागा देते.

भरभराट जमिनीतून येते, असे आपल्याकडे मानले जाते आणि शेतीप्रधान मुलखात तसे वाटणे स्वाभाविकही आहे. पण तुम्ही रोज ज्या वस्तूवर पोट भरता तिच्याकडे जरा निराळ्या नजरेने पाहा. बियाण्याची पिशवी. तिच्यातल्या दाण्यांचे धान्य म्हणून मोल केले तर पिशवीच्या किमतीचा लहानसा हिस्साही भरणार नाही. शेतकरी उरलेले पैसे मोजतो ते त्या दाण्यात कोणीतरी घातलेल्या अकलेसाठी. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही कंपनी काढली तेव्हा जालन्याची जमीन काही शेजारच्या तालुक्यांहून निराळी नव्हती आणि पाऊस तर नव्हताच. निराळे होते ते काम. संकरित बियाणे तयार करणे, ते पारखणे आणि शेतकऱ्याच्या विश्वासाला उतरेल असे विकणे, हे सगळे तिथे उभे राहिले. बारवाले यांना १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्याच जालन्यात आसपास लोखंडाची एकही खाण नसताना पोलादाच्या गिरण्या चालतात, बाहेरून भंगार येते आणि सळई होऊन जाते.

अर्थशास्त्रज्ञांनी हे आकड्यांत मांडलेले आहे. रॉबर्ट सोलो यांनी १९५७ मध्ये अमेरिकेच्या चाळीस वर्षांच्या उत्पादनाचा हिशेब केला, तेव्हा दर माणशी, दर तासाला वाढलेल्या उत्पादनापैकी सुमारे सात-अष्टमांश वाढ यंत्रे आणि भांडवल वाढल्यामुळे झालेली नसून काम करण्याच्या पद्धती सुधारल्यामुळे झाली आहे, असे त्यांना दिसले. १९८७ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. २०२५ चे अर्थशास्त्राचे नोबेल जोएल मोकिर, फिलिप आगिऑन आणि पीटर हॉविट यांना मिळाले, तेही नव्या कल्पना आणि तंत्र यांतून सतत वाढ कशी होत राहते, याच्याच अभ्यासासाठी.

पण अक्कल असून भागत नाही, ती लावणाऱ्याला उद्याचा भरवसा लागतो. २०२४ चे नोबेल ज्यांना मिळाले त्या डॅरन असेमोग्लू, सायमन जॉन्सन आणि जेम्स रॉबिन्सन यांचे म्हणणे थोडक्यात असे, की ज्या समाजात मालमत्ता, करार आणि न्याय यांचे नियम बहुतेकांसाठी सारखे असतात आणि मूठभरांच्या सोयीने वाकत नाहीत, तो समाज कालांतराने पुढे जातो. मोंढ्यात बसणाऱ्या तुमच्यासारख्या माणसाला हे समजावून सांगायला नको. ऑगस्ट २०२१ मध्ये लातूरला सोयाबीन क्विंटलला १० हजारांवर गेले होते. त्याच महिन्यात केंद्राने १२ लाख टन सोयापेंड आयात करण्यास परवानगी दिली आणि नवा माल बाजारात येईपर्यंत भाव जवळजवळ निम्म्यावर आला. आवक वाढली हेही कारण होते, पण पेरणी एका नियमावर आणि काढणी दुसऱ्या नियमावर होत असेल तर पुढच्या वर्षी ठिबकवर खर्च करायला शेतकऱ्याचा हात धजत नाही. २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात त्याच्या खाली विक्री चालली होती. त्या वर्षी तुमची उधारी किती थकली, हे तुम्ही पत्रात लिहिलेले नाही. मला त्याचा अंदाज आहे.

तिसरी गोष्ट पाण्याची, आणि तिला मी पाऊस म्हणत नाही. पाणी साठवणे, वाटणे आणि जपून वापरणे हे माणसांचे, नियमांचे काम आहे. लातूरने स्वतःची मोठी नदी नसताना डाळ गिरण्या, आडत आणि शिकवण्या यांच्या बळावर नाव कमावले, आणि त्याच लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि पाणी पाच लाख लिटर. शहर कमावते होते, पण पायाखालचा साठा त्याने हिशेबात धरला नव्हता. घराच्या हिशेबातही अशी चूक होते, तिच्याकडे पुढे येतेच.

तर भरभराट ही माणसांचे कसब, भरवशाचे नियम आणि रस्ते-पाणी-वीज यांच्या जोडकामातून येते. आता तुमचा 'तर' पाहू. जिथे भरभराट होते तिथे पैसा लावणाऱ्याचीही भरभराट होतेच का?

चीनचे उदाहरण घ्या. शांघायच्या शेअर बाजाराचा निर्देशांक फेब्रुवारी २००७ मध्ये प्रथम ३,००० च्या वर गेला. त्यानंतरच्या सतरा वर्षांत चीनची अर्थव्यवस्था कित्येक पटींनी वाढली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तो निर्देशांक ३,००० च्या खालीच होता. जपानचा निक्केई १९८९ च्या डिसेंबरअखेर ३८,९१५ वर होता. ती पातळी पुन्हा ओलांडायला फेब्रुवारी २०२४ उजाडावा लागला. दोन्ही देशांनी या काळात उत्तम रस्ते, रेल्वे आणि कारखाने उभारले. मात्र, चांगले दिवस येणार हे सगळ्यांनाच ठाऊक असल्याने ते येण्याआधीच लोकांनी त्यांची किंमत मोजून टाकली होती. भरभराटीचा फायदा गुंतवणूकदाराला किती मिळणार, हे त्याने आत शिरताना काय भाव दिला यावर ठरते.

रस्त्याकडेच्या जागेविषयी आपल्या मुलखाचा अनुभव तर दोन हजार वर्षांचा आहे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी वर्णनात पैठण आणि तगर या दोन मोठ्या बाजारपेठांची नोंद आहे. तिथला माल गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जाई आणि पुढे रोमन जगात पोहोचे. तगर म्हणजे आपल्या धाराशिव जिल्ह्यातले तेर. त्या काळी तेरला मोक्याची जागा घेणाऱ्याला कोणी वेड्यात काढले नसते. आज तिथे एक चांगले वस्तुसंग्रहालय आहे.

आता तुमच्या प्लॉटकडे येते. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, जून २०२५ मध्ये तो पूर्ण खुला झाला आणि जालना, संभाजीनगर यांना त्याचा लाभ होतो आहे, याविषयी दुमत नाही. पण हा महामार्ग प्रवेशनियंत्रित आहे. त्यावर चढायचे आणि उतरायचे ते ठरावीक इंटरचेंजवरच. तुमचा प्लॉट त्याला 'लागून' असेल, तर तिथून गाड्या दिसतील, त्यांचा आवाज येईल, आणि त्यांतली एकही गाडी तुमच्या दारात थांबणार नाही. जुन्या राज्य रस्त्याकडेच्या धाब्याला, पेट्रोल पंपाला, गोदामाला जो भाव येत असे, तो तिथल्या गाडीला वळता येत असे म्हणून. दलालाने तुम्हाला नकाशावर बोट ठेवून अंतर दाखवले असणार. इंटरचेंजपासून प्लॉटपर्यंत रस्त्याने किती अंतर पडते, ते मात्र त्याने सांगितल्याचे तुम्ही लिहिलेले नाही.

कागदपत्रांचेही तसेच. बिनशेती परवानगीचा आदेश, मंजूर रेखांकन, महारेराकडील नोंदणी, मागच्या तीस वर्षांच्या व्यवहारांचा शोध अहवाल, इतके तर कोणताही वकील सांगेल. मराठवाड्यात आणखी एक गोष्ट पाहावी लागते : सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग दोन (म्हणजे विकायला सरकारी परवानगी लागणारी जमीन), इनाम, मदतमाश, खिदमतमाश (चरितार्थासाठी किंवा सेवेच्या बदल्यात दिलेली इनामे) किंवा देवस्थान असा काही शेरा आहे का. हैदराबाद संस्थानाच्या काळातल्या इनाम जमिनींसाठी १९५४ चा स्वतंत्र कायदा आहे, आणि परवानगीशिवाय झालेली अशा जमिनींची खरेदी पुढे अनेकांना भोवलेली आहे. जुन्या फेरफारांत काही मजकूर उर्दूत किंवा मोडीत असेल तर तो वाचून घेतल्याखेरीज पुढे जाऊ नये.

हे सगळे कागद स्वच्छ निघाले असे धरले तरी माझे मत बदलत नाही. प्लॉट खराब आहे म्हणून मी नको म्हणत नाही. तुमच्या ३८ लाखांपैकी ३२ लाख, मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च धरून त्याहून अधिक, एका तुकड्यात जाणार आहेत, आणि तो तुकडा महिन्याला एक रुपयाही देणार नाही. बासष्टाव्या वर्षी गुडघ्याची शस्त्रक्रिया निघाली तर प्लॉटचा एक कोपरा विकून दवाखान्याचे बिल भरता येत नाही. आणि याहून मोठी अडचण तुमच्या बाकीच्या मालमत्तेची आहे. तुमचे दुकान पावसावर, तुमची उधारी पावसावर, बटईचे शेत पावसावर. एक हंगाम गेला की तिन्ही एकदम आटतात. ज्या वर्षी हाताला पैसा लागेल, त्याच वर्षी जालन्याच्या बाजूलाही गिऱ्हाईक नसण्याचा संभव अधिक. लातूरने पायाखालचा साठा धरला नव्हता म्हणाले ते याच अर्थाने. म्हातारपणाचा पैसा तुमच्या भागातील पावसाशी संबंध नसलेल्या ठिकाणी जायला हवा.

वडिलांचे म्हणणे मी खोडून काढत नाही. त्यांच्या उमेदीच्या काळात खेड्यात बँक नव्हती, सावकार होता, आणि दुष्काळात टिकणारी वस्तू म्हणजे जमीनच होती. जमीन बुडत नाही, हे बरेचसे खरे आहे. जायकवाडीच्या नाथसागराखाली गेलेल्या गावांना मात्र ते कोणी सांगू नये. परंतु वडील जमीन म्हणत होते ती कसण्यासाठी, आणि म्हातारपणी त्यांना सांभाळायला तुम्ही घरात होतात. तुमचा मुलगा बहुधा पुण्यात किंवा बंगळुरात असेल. वडिलांची खरी पेन्शन तुम्ही होतात, जमीन तिच्या जोडीला होती. म्हणून पाच एकर राखा, विकू नका. त्यात आणखी जमिनीची भर नको, एवढेच.

पत्रातली मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट तुम्ही एका ओळीत लिहून सोडून दिली आहे : पतसंस्थेतले १४ लाख. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक धरून, एका बँकेत एका ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत विमा असतो. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून आहे, त्यापूर्वी ती १ लाख होती. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही, मग ती गावातली असो की बहुराज्यीय, आणि तिच्या दारावरची पाटी बँकेसारखी दिसो वा न दिसो. बहुराज्यीय संस्थेचा निबंधक दिल्लीत बसतो. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या संरक्षणासाठी १९९९ चा कायदा आहे, पण तो कामाला येतो तो संस्था बुडाल्यावर, आणि मालमत्ता जप्त होऊन लिलावातून पैसे हाती पडायला वर्षे जातात.

माझी थोरली काकू अशाच एका संस्थेच्या बंद शटरसमोर बसलेली मी पाहिली आहे. पासबुक ओले होऊ नये म्हणून तिने ते दुधाच्या पिशवीत, रबर लावून आणले होते. सकाळी नऊला नंबर लावायचा, दुपारी कोणीतरी येऊन "पुढच्या सोमवारी" सांगायचे. तिला जाहीर झालेले व्याज बँकेपेक्षा चार टक्के जास्त होते, आणि त्या चार टक्क्यांचा अर्थ तिला कोणी सांगितला नव्हता. जास्तीचे व्याज ही बक्षिसी नसते, ती धोक्याची आगाऊ भरपाई असते. तुमची संस्था बुडेल असे मी म्हणत नाही, मला तिचे नावही ठाऊक नाही. पण मुदत संपेपर्यंत थांबू नका. मुदतपूर्व मोडल्याने थोडे व्याज जाईल, ते जाऊ द्या. याच आठवड्यात चार-पाच लाखांची एक पावती मोडायला द्या. पैसे विनातक्रार आठ दिवसांत खात्यावर आले, तर उरलेल्या पावत्या एकामागून एक मोडा. 'साहेब बाहेरगावी आहेत' असे उत्तर आले, तर दुसऱ्याच दिवशी लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्या.

मेहुण्यांची दिशा बरोबर आहे, माप चुकले आहे. शेअर बाजार म्हणजे, तुमच्याच प्रश्नाच्या भाषेत सांगायचे तर, देशभरातल्या कसबी माणसांच्या कामात थोडा थोडा वाटा. निफ्टीतल्या पन्नास कंपन्यांचा निर्देशांक फंड घेतला की बँका, औषधे, मोटारी, सॉफ्टवेअर अशा सगळ्यांत तुमचा पैसा विखुरतो. परभणीला पाऊस न झाल्याने त्यांतल्या बहुतेकांचे काही बिघडत नाही. कोणता शेअर घ्यावा हे ओळखण्याची गरज राहत नाही आणि खर्चही कमी पडतो. मात्र २००८ च्या जानेवारीत २१ हजारांच्या आसपास असलेला सेन्सेक्स त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ९ हजारांच्या खाली गेला होता, आणि २०२० मध्ये जानेवारीतल्या ४२ हजारांवरून २३ मार्चला २६ हजारांच्या खाली उतरला होता. दोन्ही वेळा तो सावरला. पण मुलाची फी किंवा मुलीच्या बाळंतपणाचा खर्च त्या मधल्या दिवसांत आला असता, तर तुम्हाला तळाशी विकावे लागले असते. म्हणून सात वर्षांच्या आत लागणारा पैसा तिथे अजिबात नको. आणि व्हॉट्सॲपवर टिपा देणाऱ्या ग्रुपमध्ये कोणी ओढले असेल तर आजच बाहेर पडा. फ्यूचर्स आणि ऑप्शन्समध्ये, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर लावलेल्या सौद्यांत, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांनी तोटा सोसला, असे बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनेच २०२४ मध्ये जाहीर केले आहे.

आता हिशेब. महागाई सहा टक्के धरली तर खर्च बारा वर्षांत दुप्पट होतो. बहात्तरला दराने भागायचे, हे तोंडी गणित लक्षात ठेवण्यासारखे आहे. आजचे ४० हजार तुमच्या ६३ व्या वर्षी ८० हजार होतील, आणि ७५ व्या वर्षी १ लाख ६० हजार. दुकानाची जागा भाड्याने दिली आणि शेताचा बटईचा वाटा सरासरीने धरला, तर तेव्हाच्या पैशांत महिना ३० हजार मिळतील असे समजू. उरलेले ५० हजार, म्हणजे वर्षाला ६ लाख, साठ्यातून काढावे लागतील. अमेरिकेत विल्यम बेंगन यांनी १९९४ मध्ये जुने आकडे तपासून असे दाखवले, की पहिल्या वर्षी साठ्याच्या चार टक्के काढून पुढे महागाईइतकी वाढ करत गेले तर पैसा तीस वर्षे पुरतो, म्हणजे वार्षिक गरजेच्या पंचवीस पट साठा हवा. ते आकडे त्यांच्या देशाचे आहेत. आपल्याकडे भाववाढ अधिक असल्याने मी अठ्ठावीस-तीस पट धरेन. तुमच्यासाठी ती रक्कम १ कोटी ७० लाखांच्या आसपास येते.

तुमच्या ३८ लाखांतले १० लाख आधी बाजूला काढा. मुलाच्या उरलेल्या शिक्षणाला ४, आणि ६ लाख दुष्काळाचे. हे ६ लाख बँकेच्या ठेवीतच राहतील, जेणेकरून सलग दोन वर्षे वसुली झाली नाही तरी तुम्हाला पतसंस्थेच्या किंवा सावकाराच्या दारात जावे लागणार नाही. उरलेल्या २८ लाखांपैकी निम्मे निर्देशांक फंडात आणि निम्मे स्थिर व्याजाच्या ठिकाणी ठेवले आणि सरासरी नऊ टक्के सुटले, तर बारा वर्षांत त्यांचे ७९ लाख होतील. मुलगा कमावता झाल्यावर सुटणारी फी धरून वर्षाला ३ लाख भरत गेलात, तर त्यांचे आणखी ६० लाख. एकूण १ कोटी ३९ लाख, म्हणजे गरजेच्या तेवीस पट. नऊ टक्के हा अंदाज आहे, वचन नाही, आणि तो थोडा उदारच आहे. तूट राहते, हे लपवण्यात अर्थ नाही. ती भरून काढायचे दोनच सोपे मार्ग मला दिसतात : ११ लाखांच्या उधारीतली निदान निम्मी वसूल करून नवी उधारी आखडती घेणे, आणि दुकान ६३ ऐवजी ६५-६६ पर्यंत, हवे तर एखादा होतकरू भागीदार घेऊन, चालू ठेवणे. काम करण्याचे प्रत्येक जादा वर्ष दुहेरी उपयोगी पडते, कारण त्या वर्षी साठा वाढतो आणि त्यातून काढावेही लागत नाही.

भरणा कसा करावा, याविषयी एक सूचना, जी तुमच्यासारख्या हंगामी धंद्यातल्या इतरांनाही लागू पडेल. पगारदारांसाठी दरमहा ठरावीक हप्ता उत्तम असतो. तुमचा पैसा जूनमध्ये खते-बियाण्यांत अडकतो आणि दिवाळी ते फेब्रुवारीत सुटतो. मासिक हप्ता लावून जुलै-ऑगस्टमध्ये खाते रिकामे ठेवण्यापेक्षा सोयाबीनच्या वसुलीनंतर एक आणि तुरी-हरभऱ्यानंतर दुसरा, असे वर्षात दोनच भरणे करा. आता फंडात जायचे १४ लाखही एकदम टाकू नका, दीड-दोन वर्षांत सहा-आठ टप्प्यांनी जाऊ द्या.

स्थिर भागासाठी तुम्ही आणि पत्नी दोघांच्या नावे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीची, म्हणजे पीपीएफची, खाती उघडा. प्रत्येकी वर्षाला दीड लाखांपर्यंत भरता येतात, सध्या ७.१ टक्के व्याज आहे आणि ते करमुक्त आहे. मुदत पंधरा वर्षांची आहे, म्हणून हे काम या वर्षीच करा. साठी पूर्ण झाल्यावर ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे. तिच्यात एका व्यक्तीला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. आजच्या ८.२ टक्के दराने त्यावर तिमाहीला ६१,५०० रुपये मिळतात. हे दर सरकार तिमाहीगणिक ठरवते, त्यामुळे तुमच्या वेळी ते वेगळे असतील. सोने १८ तोळे पुरेसे आहे, त्यात भर नको. आरोग्य विमा मात्र साखर किंवा रक्तदाब निघण्याआधी घ्या. सत्तरीनंतर आयुष्मान भारतखाली उत्पन्नाची अट न ठेवता ५ लाखांपर्यंतचे संरक्षण मिळते, पण सत्तरीला अजून एकोणीस वर्षे आहेत. आणि सल्ला विकत घ्यायचाच असेल तर सेबीकडे नोंदणी असलेल्या, ठरावीक फी घेणाऱ्या सल्लागाराकडून घ्या. पॉलिसी विकून कमिशन मिळवणारा माणूस कितीही सज्जन असला, तरी त्याच्या सल्ल्यात त्याचे घर चालवण्याचा खर्च मिसळलेला असतो.

एक गोष्ट विचारायची राहिली. तुमच्या दोन पानी पत्रात दलाल आहे, मेहुणे आहेत, वडील आहेत. पत्नीचे फक्त वय आहे. त्या तुमच्याहून पाच वर्षांनी लहान आहेत, आणि बायका साधारणतः पुरुषांपेक्षा जास्त जगतात. हा साठा पुरवायचा आहे तो त्यांच्या पंच्याऐंशी-नव्वदीपर्यंत. शेवटची काही वर्षे त्याचा कारभार बहुधा त्या एकट्या पाहणार आहेत. त्यांना कोणत्या बँकेत किती आहे हे ठाऊक आहे का? प्रत्येक खात्यावर त्यांचे नाव आहे का, नामनिर्देशन भरलेले आहे का? सोन्याचे १८ तोळे कोणाचे आहेत, हेही एकदा त्यांना विचारून घ्या, माझ्या हिशेबात मी ते मुद्दामच धरलेले नाहीत.

दसऱ्याची तारीख दलालाची आहे, तुमची नाही. ती चुकली तर प्लॉट जाईल, असे तो म्हणेल. जाऊ द्या. तरीही मनातून तो उतरत नसेल, तर इसार देण्याआधी एका रविवारी दोघे मिळून मोटारसायकलवर जा. इंटरचेंजच्या टोलनाक्यापाशी उभे राहून मीटरवरचा आकडा लिहून घ्या, मग गावातल्या रस्त्याने प्लॉटवर पोहोचा आणि पुन्हा आकडा पाहा. त्या रस्त्याने पावसाळ्यात मालट्रक जाऊ शकेल का, हे तिथल्या एखाद्या शेतकऱ्याला विचारा. तो बहुधा तुमच्याच व्यवसायाचे गिऱ्हाईक निघेल, खरे सांगेल.